पिंपाजवळचा माणूस

अंजनगाव–परतवाडा रस्त्यावर नवा डांबर प्लांट सुरू व्हायचा होता, आणि ऑपरेटर कुंदनचा त्या दिवशीचा रुबाब काय सांगावा! खडीचं वजन, डांबराचं तापमान, सगळं त्याच्यापुढच्या पडद्यावर. बटण दाबलं की मिनिटाभरात माल ट्रकमध्ये. अमरावतीहून मोठे साहेब आले होते आणि त्यांना डांबराचा इतिहास सांगायचं कामही कुंदनलाच मिळालं होतं.

केबिनच्या भिंतीवर फोटो होते. एकात फिरत्या ड्रमचा जुना प्लांट. त्याच्याही आधीचा एक, लाकडं पेटवून पिंपात डांबर उकळत तेव्हाचा. पायांना गोणपाट गुंडाळलेला माणूस धुरात उभा राहून, काडी बुडवून डांबराची तार पाहतोय. तेव्हाचा दुसरा कुठे मिळेना म्हणून हा फोटो कुंदननंच घरच्या पेटीतून आणला होता. माणूस त्याचा बाप, नत्थुजी. पण ऑफिसात त्यानं वडील बागाईतदार असल्याची थाप मारून ठेवली होती.

"ही अडाणी पद्धत, सर. सगळा अंदाजपंचे कारभार."

साहेब चष्मा सावरत जवळ गेले. "अंदाजपंचे? माझी पहिली नेमणूक इथलीच. त्या वेळचा रस्ता पंधरा वर्षं उखडला नाही. कोण हा? सापडला तर आजचा नारळ त्याच्याच हातानं फोडू."

आता तरी बोलावं की नाही! पण थाप उघडी पडेल, हा धाक.

"कोणी मजूर असेल, सर."

बोलून वळला, तर दारात नत्थुजी. घरी राहिलेला डबा कुंदनच्या आईनं, पार्वताबाईनं, नवऱ्याच्या हाती पाठवला होता. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. कुंदनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसतं 'बाबा' म्हणायचं होतं, तेही त्याला जमलं नाही.

साहेबांनीच फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "काय हो, तुम्ही इकडचेच ना? याला ओळखता?"

नत्थुजीनं फोटो निरखला. पोराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाई जी. मले नाई मालूम."

"मग इकडे कसे?"

"डबा द्याले आलो जी."

त्यानं डबा टेबलावर ठेवला, दोन पावलं मागं सरला आणि पोटच्या पोरापुढे हात जोडले.

"जेवून घ्या साहेब. थंडा होऊन राह्यला."