खांबापुढची खुर्ची

टाचणीचं डोकं गंजलं होतं. डीनच्या स्वतःच्या, टेकडीवरच्या चर्चची टाचणी, भिंतीवरच्या नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, नाक्यावरच्या उनाडासारखी तिरकी उभी — आणि तिच्याभोवतीचा हिरवा दोरा गायब. गेल्या महिन्यापर्यंत तो दोरा अकरा चर्चना वेढा घालून होता. त्या वेढ्याचं नाव डीनरी, आणि आतल्या बाकीच्या दहा पाळकांवर देखरेख करणारा म्हणून हा डीन. डीनऱ्या जोडायच्या कागदावर त्याची सही व्हायच्या आधीच दोरा काढून मोकळे! उरली नुसती भोकं.

बिशपच्या कचेरीतल्या ह्या बाकावर बसून त्याची विजार झिजली होती. बिशपखाली आर्चडीकन, आर्चडीकनखाली डीन, डीनखाली पाळक... प्रभूनं बारा जणांत भागवलं, ह्यांना उतरंड लागते. आणि प्रत्येक मडकं वरच्याचं बूड बघत जन्म काढतं. आर्चडीकन तरी कोण? एके काळी ह्याच्याच हाताखाली आलेलं, दफनाच्या वेळी मयताचं नाव विसरणारं बेणं. तेव्हा कानात नाव सांगणारा मीच — मी गप्प बसलो असतो तर...

"सही केलीत तर तीन चर्चना कुलपं लागतील, अहो," सकाळी बायको म्हणाली होती. "टेकडीवरच्या म्हाताऱ्या रविवारी काय उडत जाणार?"

"सही करतंय कोण?"

"मग ठेवणीतली कॉलर कशाला काढलीत?"

आर्चडीकनच्या खोलीत आधी त्याचं हसू भेटलं, मग तो.

"या सर, बसा. दोन डीनऱ्यांची एक करायची, कागदावरचाच बदल हो. पण तुमच्या संमतीशिवाय बिशपसाहेब पुढं जाणार नाहीत. आणि तुम्हाला आम्ही विसरू होय? मानद कॅनन!"

कॅनन. म्हणजे कॅथीड्रलमध्ये एक कोरीव खुर्ची, तिच्या पाठीला पितळी पट्टी, पट्टीवर नाव. काम शून्य. माणूस मेला की पट्टी बदलायची, खुर्ची तीच. पितळ दाखवून भुलवतोय — मला!

नाही म्हणायचं. एवढंच तर म्हणायचं. टेकडीवर सात म्हाताऱ्या, त्यांतल्या पाच बहिऱ्या. डीननं पुस्तक मिटलं की प्रवचन संपल्याचं त्यांना कळतं, आणि तरी दर रविवारी, धापा टाकत, पहिल्या बाकावर...

त्यानं घसा साफ केला.

"खुर्ची," तो म्हणाला, "कुठल्या बाजूची?"

"उजवीकडची, सर. खांबाच्या पुढची. सगळ्यांना दिसते."

आर्चडीकनला जराही आश्चर्य वाटलं नव्हतं, आणि ह्याचाच डीनला सगळ्यात जास्त संताप आला. पेनचं टोपण काढून ठेवलेलं होतं. त्यानं आपल्या जुन्या, इमानी तुच्छतेला हाक मारली. ती आली, पण नेहमीसारखी त्याच्या शेजारी बसली नाही, टेबलापलीकडे उभी राहून त्याच्याकडेच बघत राहिली... आणि तो मात्र विचार करत होता — खांबापुढं म्हणजे सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येणार की काय.