चंद्राबाईच्या बारा नळ्या

"अक्षदा, हात नीट धुतेस ना?" विकाससर म्हणाले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. नऊ वर्षं कर्जतच्या या लॅबमध्ये नमुने तपासतेय मी. हात धुते का म्हणे!

झालं होतं असं. कशेळ्याच्या वरच्या एका वाडीतून शिबिरातले बारा बायकांचे नमुने आले होते. गर्भाशयाच्या तोंडाशी एचपीव्ही नावाचा विषाणू आहे का, ते बघायचं होतं. तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहिला तर तिथं कॅन्सर होऊ शकतो. बाईनं घरीच छोटा ब्रश आत फिरवून नळीत टाकायचा, बस. पुढचं काम मशीनचं. ते विषाणूचा अंश फेरीफेरीला दुप्पट करत जातं. विषाणू जितका जास्त, तितकी स्क्रीनवर त्या नळीची रेषा लवकर वर उठते. इथं बाराही रेषा उठल्या. बाराही सोळा नंबरच्या, म्हणजे सगळ्यांत वाईट जातीच्या, आणि बाराही सत्ताविसाव्या फेरीला.

"बारा बायकांचा एकच आकडा येतो का कधी? एकीचा नमुना तुझ्या हातून बाकीच्यांत सांडलाय. लिही, नमुने दूषित, बाद."

"सर, मी सगळं नव्यानं परत लावलं. सोबत नुसत्या पाण्याची नळी लावली होती, ती कोरी आली. खालापूरचे वीस नमुने त्याच खेपेत होते, तेही स्वच्छ. सांडलं असतं तर तिथंही दिसलं असतं ना?"

"शिबिर संपलंय, विषय संपलाय. सही कर."

"नाही करणार. त्या वाडीत कुणाला तरी हे नक्की आहे. एकदा बाद लिहिलं की तिकडं काळं कुत्रंही फिरकणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"सोमवारी येते. काढायचं तर तेव्हा काढा मला!"

रविवारी जीपनं कशेळं गाठलं. वाडीची आशा सेविका वनिता नवे ब्रश घेऊन थांबली होती. तासभर चढून आम्ही चंद्राबाईच्या ओट्यावर टेकलो. साठीची ही बाई वाडीची सुईण. तिनं हाक मारताच बाकीच्या अकराजणी गोळा झाल्या.

"खरं खरं सांगा गं, ब्रश कुणी कुणी वापरला?"

त्यांतली मंगळी नावाची एक पोर पदरात तोंड खुपसून हसायला लागली.

"मीच भरल्या समद्या," चंद्राबाई ठसक्यात म्हणाली. "शिबिरात त्यो मानूस माइकवर सांगत व्हता, ब्रश कुटं घालायचा त्ये. बापये समोर बसल्याले! पोरी लाजंनं मेल्या. मी म्हनलं, द्या हिकडं. मला म्हातारीला कसली लाज?"

मला आधी हसू फुटलं. मग ध्यानात आलं. म्हणजे त्या बाराही रेषा हिच्याच होत्या.

"मावशी, जरा आत येता? तुमच्याशी एकटीशी बोलायचंय."

"हितंच बोल. ह्यांची बाळंतपनं मी केली, ह्यांच्यापासून काय लपवू?"

मी सगळं सांगितलं, सरांच्या 'बाद'सकट. विषाणू म्हणजे कॅन्सर नव्हे, पण डॉक्टरांनी आतून बघायलाच हवं, तेही लवकर. तिचा ठसका कुठल्या कुठं गेला. ओट्याच्या कडेकडे बघत ती हळूच म्हणाली, "पाळी कवाच गेली, पन चार महिनं झालं, परत डाग लागतोय. कुनाला बोलले नाय."

"का गं?" मंगळी ओरडलीच.

"लाज वाटली."

मंगळी रडायला लागली. चंद्राबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "रडतीस काय? ऊठ! आपापली नळी आपापल्या हातानं भरा. मी दारात बसते. कोन बापया हिकडं फिरकला तर तंगडंच मोडते!" आणि खरंच कोयता मांडीवर घेऊन बसली ती. मी वनिताला सांगितलं, "उद्या पहिल्या जीपनं हिला दवाखान्यात ने. कुरकुरली तरी ने."

अकराही नव्या नळ्या स्वच्छ आल्या. माझ्या सहीचे बारा अहवाल मी सरांपुढे आपटले. त्यांनी मुकाट शिक्के मारले, पण चूक झाली म्हणायला काही जीभ रेटली नाही. मीही नोकरी सोडून घरी बसले नाही. कशाला बसू?

चंद्राबाईला कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी ती मंगळीचा हात धरून लॅबमध्ये आली. माझ्याकडे नाही, सरळ विकाससरांच्या टेबलाशी गेली.

"बारा नळ्या बाद कर म्हननारा सायेब तूच का रं?"

सर खुर्चीतून उठले.

"त्या बाराबी माज्या. मी हितं हुबी हाय," चंद्राबाई म्हणाली. "कर बाद!"