मोगरीच्या प्रदक्षिणा

त्या दिवसाची एकशे आठावी प्रदक्षिणा पुरी झाली आणि मोरवा गावाबाहेरच्या भरावावर शंख, शिट्ट्या, टाळ्या असं सगळं एकदम वाजलं. प्रदक्षिणा घालणारी होती एक गाय. पांढरी, कपाळावर तांबडा ठिपका, नाव मोगरी. मधोमध शेंदूर फासलेला दगड, आणि ती त्याच्याभोवती गोल गोल. गळ्यात दोरी नाही, मागे हाकणारा नाही.

"हिला कुणी शिकवलं? सांगा, कुणी शिकवलं?" महिपतबाबांच्या भगव्या कुर्त्याला कॉलर माइक लावलेला होता. "माणसाला तीन फेऱ्यांत दम लागतो, माउली तीन दिवस फिरतेय! विचारा सायन्सला. सायन्स गप्प! मोबाइल वर करा, व्हिडिओ काढा, पाठवा सगळ्या ग्रुपवर. देवीला नेटवर्क लागत नाही!"

मीही तिथे होते. कीर्तन म्हटलं की ताटावरून उठून जाणारी मी. टाळ माझ्या पिशवीत कायमच असतात. मोगरीच्या खुरांच्या लयीवर मी टाळ धरला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

मोगरी विमलाबाईंची. गिरगाव सोडून इथल्या टॉवरमध्ये राहायला आले तेव्हापासून माझ्या घरी दूध त्यांचंच. एक गाय, एक म्हैस, एवढ्यावर त्या एकट्या बाईचं चाललेलं. त्या मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या.

"विमलाबाई, भाग्यवान हो तुम्ही!"

"कसला भाग्य, अनसूयाताई? सोमवारपासून गवताला तोंड न्हाय लावला तिनं. अंग तापलंय. डोल्यांतनं पानी गलतंय. आनि ह्यो दगड मंगलवारी आनला. गाय आदी फिराय लागली, देवी मागून आली."

मी हे नीट ऐकलं. आणि टाळ वाजवत राहिले.

दुपारी प्रसादाची रांग लागायची. या रांगेत माणसं नव्हती, गुरं होती. बाबा एक सोनेरी सुई काढायचे, मोगरीच्या कानात टोचायचे आणि त्याच रक्ताळलेल्या सुईने रांगेतल्या जनावराच्या कानात टोचायचे. "देवीचा अंश गेला! आता दूध दुप्पट!" गावात आता गुरं उरलीत अकरा. मोगरी धरून. बाकीच्या दहांपैकी नवांना तीन दिवसांत अंश मिळाला. पहिला मान विमलाबाईंच्या राणी म्हशीचा. दहावी एका म्हाताऱ्याची भाकड गाय होती, तिला कुणी रांगेत आणलंच नाही. आणि एक सक्त ताकीद होती: "डॉक्टरची सुई लागली, की देवी उठून जाईल!"

मांडव घातला होता बबनशेठने. भरावही त्याचाच. पाडलेल्या इमारतींचं डेब्रिस आणून त्याने दोन वर्षांत गावाचं तळं बुजवलं होतं. गावकरी कुरकुरत होते. आता त्याच जागेवर देवी प्रकटली म्हटल्यावर कुरकुरणारेच नारळ फोडत होते.

विमलाबाईंनी चोरून फोन केला म्हणून डॉक्टर संपदा आल्या. गुरांच्या डॉक्टर, स्कूटरवर, मागे एक पेटी. वाद घातला नाही, ओरडल्या नाहीत. सरळ प्रसादाच्या रांगेत उभ्या राहिल्या.

"जनावर कुठाय, बेटी?"

"घरी आहे, बाबा. प्रसाद ह्या काचेवर द्या, नेते."

समोर दहा-बारा मोबाइल रोखलेले. बाबांनी मोठ्या ऐटीत काचेवर थेंब सोडला.

बाजूच्या पंक्चरवाल्याच्या टेबलावर डॉक्टरांनी पेटी उघडली. सूक्ष्मदर्शक निघाला. त्यांनी स्वतः पाहिलं, मग विमलाबाईंना बोलावलं. "डोळा लावा, मावशी."

"वलवलतंय काहीतरी... खाडीतल्या मासलीच्या पिल्लांवानी. लई हायेत."

"हीच तुमची देवी. सर्रा म्हणतात या रोगाला. हे जंतू रक्तात वाढतात. मेंदूपर्यंत पोचले की जनावराला सरळ चालता येत नाही, ते गोल फिरत राहतं. दगड असो नसो."

"पन आला कुठनं? माझ्या सासूच्या टायमापासनं गुरं हायेत आमची. असा कदी झाला न्हाय."

डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधी मोगरीच्या पाठीकडे बोट केलं. बोटाच्या पेराएवढ्या गोमाश्या, गच्च चिकटून बसलेल्या. "पूर्वी दुपारी गुरं कुठे असायची?"

"तल्यात. म्हशी नाकापतुर चिखलात, गाई बी पोटापतुर."

"चिखलाचा तो थर म्हणजे त्यांचं चिलखत. माशीला चावायला जागाच नसायची. तळं बुजलं, चिलखत गेलं. खाडीचं पाणी आत-बाहेर करायचं ती मोरी डेब्रिसने तुंबली. भरावामागे जी कुजकी दलदल साचलीय, तिथे ह्या माश्या वाढतात. आणि गावभरच्या गुरांवर पांगायच्या त्या आता अकरांवर तुटून पडतात. शेपटी बसली की माशी अर्धपोटी उठते आणि शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाला आधीचं रक्त असतंच. रोग असा जातो."

विमलाबाईंनी मांडवाकडे पाहिलं. बाबा सुई पुसत होते, कुर्त्यालाच. "म्हंजी ह्या सुईनं..."

"माशी चुकून करते, मावशी. हा हाताने करतोय."

माझ्या हातातले टाळ तेव्हा खाली आले. फार उशिरा आले.

तेवढ्यात गर्दी उसळली. मोगरी गुडघ्यांवर कोसळली होती, मान जमिनीवर लांब पसरून. तोंडातून फेस येत होता.

"साष्टांग!" बाबा गरजले. "माउलीने दंडवत घातला!"

लोकांनी फुलं उधळली. कुणी तिच्या फेसाला बोट लावून कपाळी नेलं. धडपडणाऱ्या पायांचे व्हिडिओ निघाले, आणि एकजण कळवळून ओरडला, "पुढचे बसा की, दिसत नाही!"

विमलाबाई गर्दी चिरत आत गेल्या. मोगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बाबांच्या हातातली सुई हिसकून घेतली, गाईच्या कानाच्या रक्तात बुडवली आणि बाबांचा दंड धरला.

"घ्या. सगल्यांना दिलात, तुमीच र्‍हायलात."

"ए, सोड! वेडी झालीस का? आजारी जनावराचं रक्त मला टोचतेस?"

माइक चालू होता. भरावाच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांनी ते वाक्य गावभर पोचवलं.

"आजारी?" विमलाबाई म्हणाल्या. "तीन दिस देवी होती ना?"

"दहा वर्षं तबेल्यात काढलीत मी! मला नको शिकवू—" एवढं बोलून बाबांच्या लक्षात आलं आणि हात माइककडे गेला. म्हणजे त्याला ठाऊक होतं. फिरणारी गाय दिसली तेव्हाच त्याने रोग ओळखला होता. औषध सांगायचं सोडून तो दगड शोधायला गेला.

बबनशेठची गाडी तोवर निघून गेली होती. बाबाला पोलिसांनी नेलं. मोगरी संध्याकाळी गेली. डॉक्टरांनी उरलेल्या दहाही गुरांना इंजेक्शन दिलं, प्रत्येकाला नवी सुई. 'अंश' मिळालेल्यांपैकी दोन तरीही मेली. राणी वाचली, पण आटली. दोन जनावरांवर जगणाऱ्या बाईकडे आता एक आहे, तेही बिनदुधाचं. साष्टांगाचा व्हिडिओ मात्र अजून फिरतोय, खाली हात जोडलेली चिन्हं.

परवा गेले तर विमलाबाई त्याच शेंदरी दगडाने राणीचा खुंटा ठोकत होत्या. म्हणाल्या, "जड हाय, बरा हाय. कामाला आला."

मी कीर्तन सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण चांगला कीर्तनकार डोळे मिटून नाम घ्यायला लावतो, आणि मग डोळे उघडून शेजाऱ्याचं दुःख बघायला लावतो. देव मानणाऱ्या माझ्या माणसांनो, जनावर गोल फिरताना दिसलं तर हात जोडू नका. आधी त्याच्या अंगाला हात लावून ताप बघा, डॉक्टरला बोलवा. आणि विचारा, इथलं तळं कुणी बुजवलं. ज्या दिवशी मी टाळ खाली ठेवून एवढंच विचारायला हवं होतं, त्या दिवशी मोगरी अजून उभी होती.