पणकाकांचा प्रिंटर आणि माझा पत्ता

बाळंतपणाला तूच हवीस, असं ताईनं मला आधीच बजावून ठेवलं होतं. आई नाही, आणि भाऊजी रक्त दिसलं की आडवे होतात. मग उरलं कोण? मीच. आणि आमचे साहेब रजा द्यायला तयार नाहीत! आमचं फुलांचं शीतगोदाम. आतला गारवा एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या हातात. तो अधूनमधून रुसून बसतो, आणि त्याला ताळ्यावर आणणारी मी एकटी.

"तू तिकडे आणि हा बंद पडला, तर फुलांचं काय?" साहेबांनी विचारलं.

"तिकडूनच चालू करीन. त्याला एक डबी जोडते. तो अडला तरी डबी जागी असते. त्याचा पडदा मला फोनवर दिसेल, बंद करून पुन्हा चालू करायचं बटणही दाबता येईल."

"उद्या सकाळी दाखव. चाललं तर दुपारच्या गाडीनं जा."

हात्तिच्या! हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

संध्याकाळी डबी जोडली. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो, आणि एका पत्त्यावर दोघं नांदत नाहीत. मी एक पत्ता निवडला, लॅपटॉपवरून त्याला हाक मारली. उत्तर नाही. म्हणजे रिकामा. दिला डबीला! शेजारच्या खोलीतून पडदा लख्ख दिसला. घरी जाऊन मी बॅगसुद्धा भरली.

सकाळी साहेबांसमोर ऐटीत तोच पत्ता टाकला, तर समोर काय यावं? 'कागद संपला आहे.' हे तर प्रिंटरचं पान!

"आता फुलं छापायची का?" साहेब म्हणाले.

"पण मी म्हणतच होतो," मागून आवाज आला. हे आमचे भांडारपाल. प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू करतात, म्हणून सगळ्यांचे पणकाका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथंच एकदम उजेड पडला.

"काका, घरी जाताना तुम्ही लेबलांच्या प्रिंटरचा प्लग काढता?"

"पण काढायलाच हवा! विजेचा काय भरवसा?"

घ्या! घरमालक बाहेर गेलेला, आणि मी दारावर थाप मारून घर रिकामं ठरवलं. चूक माझीच होती, पण कपाळावर हात मारून बसायला गाडी थांबणार नव्हती.

"ऐका सगळे! प्लगला लागतं ते झाडून चालू करा!"

वजनकाटा, हजेरीचं यंत्र, दारावरचा कॅमेरा, सगळे जागे झाले. त्या पत्त्यावर आता प्रिंटरच भेटत होता, म्हणून लॅपटॉप थेट डबीला जोडला. राउटर ज्या पत्त्यांमधून वाटप करतो, त्यांच्या बाहेरचा एक निवडला, हाक मारून खात्री केली आणि डबीला दिला. तिला बाहेरची वाट कळावी म्हणून राउटरचा पत्ताही तिच्यात भरला. मग ऑफिसचं वायफाय सोडून रस्त्यावर गेले आणि फोनवरून, पासवर्ड टाकून, आत शिरले. आला! गोदामाचा पडदा, तापमानासकट.

"जा बाई, जा," साहेब म्हणाले.

दवाखान्यात ताईनं माझा डावा हात असा धरला होता की बोटं मोडतील. तेवढ्यात फोन वाजला.

"पण पडदा काळा पडलाय! आत गरम व्हायला लागलंय!"

"हात सोडलास तर बघ!" ताई किंचाळली.

"कोण सोडतंय गं!"

नर्सबाईंनी डोळे वटारले. मी उजव्या अंगठ्यानं डबी गाठली, बटण दाबलं. काळा पडदा. काळाच. जीव नुसता टांगणीला. मग आकडे उमटले, एकेक करून सगळे.

फोन पुन्हा वाजला. "चालू झालं," पणकाका म्हणाले. 'पण' नाही की काही नाही! मी फोन ठेवणार, तोच, "पण..."

"आता काय, काका?"

"पण ताई कशी आहे?"

उत्तर बाळानं दिलं, टाहो फोडून. माझा हात अजून ताईच्याच हातात होता.