वर नेलेले मासे

मी टाकी बोलतेय. निळी, हजार लिटरची. माझ्याबरोबर साच्यातून निघालेल्या बाकीच्या टाक्या घरांच्या छपरांवर बसून माणसांची तहान भागवतात. माझ्यातलं पाणी मात्र कधी कुणी प्यायलं नाही. माझ्यातून मासे प्रवास करायचे.

माझे मालक म्हणजे या नदीवर जाळं टाकता टाकता म्हातारे झालेले एक मासेमार. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. धरण बांधलं तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण बाबांकडून इतक्या वेळा ऐकलंय की स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. नदी फुगली की मोठे चंदेरी मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघायचे. भिंत उभी राहिली आणि त्यांची वाटच बंद झाली. ते भिंतीखालच्या डोहात गोळा व्हायचे, काँक्रीटला धडका द्यायचे आणि अंडी पोटातच जिरवून परत फिरायचे. बाबांचं जाळं वर्षावर्षाला हलकं होत गेलं.

लेक दूरदेशी नद्यांचा अभ्यास करून परतली होती. तिकडे नोकरी चालून आली होती, तिने ती नाकारली. आल्यावर चौथ्या दिवशी तिने मला विकत आणलं. माझं तोंड कापून रुंद केलं, तळाशी मोठी तोटी बसवली, हवा सोडणारा छोटा पंप जोडला. बाबा कडेला उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, पिंप कशाला? ती म्हणाली, "मासे भिंत चढू शकत नाहीत ना, मग आपण त्यांना गाडीत बसवून वर नेऊ."

बाबा किती तरी वर्षांनी मोठ्याने हसले, असं शेजारीण म्हणाली.

मग सुरू झाल्या आमच्या फेऱ्या. बाबा डोहात जाळं लावत. मासा उचलण्याआधी हात ओले करत, कोरडा हात लागला की माशाच्या अंगावरची बुळबुळीत साय निघते म्हणून. ओल्या गोणपाटात घेऊन तान्ह्या बाळासारखा माझ्यात सोडत. लेक पाण्यात मूठभर मीठ टाके, त्याने मासे शांत राहतात. टेम्पोचा ड्रायव्हर पूर्वी भन्नाट गाडी हाणायचा. पण वळणावर मी हिंदकळले की बाबा मागून काच ठोकत. ड्रायव्हर कुरकुरायचा, "बायकोला बाळंतपणाला नेलं तेव्हासुद्धा एवढी जपून चालवली नव्हती." तेव्हापासून त्याचं नावच 'सावकाश' पडलं.

धरणाच्या अथांग पाण्याला वळसा घालून, जिथे नदी अजून वाहते तिथवर आम्ही जायचो. तोटी उघडली की मासे क्षणभर घुटमळत आणि मग प्रवाहात नाहीसे होत. लोक फोटो काढत. कोणी माझ्यावर हातही टेकायचे. खरं सांगते, मला गर्व झाला होता. मला वाटायचं, ही नदी मी जोडतेय.

पाच वर्षं आम्ही मासे वर नेले. पहिल्या वर्षी दिवसाला चार फेऱ्या व्हायच्या. पाचव्या वर्षी आठवड्यातून एक होईना. लेकीला वाटायचं, पिल्लं मोठी व्हायला वेळ लागतो. बाबा म्हणायचे, धीर धर. पण एके दिवशी ती बारीक जाळी घेऊन होडीतून धरणाच्या पाण्यात गेली, आणि नदी येऊन थांबते तिथला तळाचा गाळ उपसून आणला. अंगणात माझ्याशेजारी बसून तिने तो परातीत धुतला. गाळात मोहरीएवढे पांढरे दाणे होते. नासलेली अंडी.

दुसऱ्या सकाळी बाबांना डोहात एक मादी मिळाली. हातभर लांब, पोट अंड्यांनी तट्ट भरलेलं. अंड्यांवर आलेली त्या वर्षीची ती पहिलीच. बाबांनी ती माझ्यात सोडली आणि सावकाशला हाक मारली. लेक टेम्पोच्या आडवी उभी राहिली.

"बाबा, हिला वर नको न्यायला."

मग तिने सगळं सांगितलं. या माशाची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत दोन दिवस खाली जातात आणि वाटेतच फुटतात. वर मात्र नदी अर्ध्याच दिवसात धरणाच्या थांबलेल्या पाण्याला मिळते. तिथे अंडी तळाशी बसतात आणि गाळात गुदमरतात. मोठे मासेही भिंतीपलीकडेच अडकतात. म्हणजे गेली पाच वर्षं आपण डोह रिकामा करत होतो.

बाबा माझ्या कडेवर हात टेकून उभे होते.

"अंडी वाहत जातात हे मला माहीत होतं गं," ते म्हणाले. "वर पाणी थांबलंय हेही रोज दिसत होतं. पण या दोन गोष्टी एकत्र कधी डोक्यात आल्याच नाहीत."

"शिकून मी आले होते, बाबा. तुम्ही नाही."

माझ्या आत मादी गोल गोल फिरत होती. वर नेली तर तिची पोरं मरणार. खाली सोडली तर अंडी पोटातच जिरणार. पण निदान ती तरी डोहात राहील. सावकाशने इंजिन बंद केलं. बाबांनी हात ओले केले, तिला उचललं आणि परत डोहात सोडलं. ती तडक भिंतीकडे गेली. बाबांनी तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून मी कोरडी आहे.

लेक मात्र धरणाच्या कचेरीत जाऊ लागली. तिचं मागणं एवढंच होतं, की हंगामात सलग आठ दिवस दारं उघडा. नदी फुगल्यासारखी वाटली तर मासे डोहाच्या खालच्या अंगालाच अंडी घालतील, आणि तिथून पुढे त्यांना वाहायला लांबच लांब नदी आहे. साहेब वाईट नव्हते. चहा मागवून त्यांनी समजावलं, की पाण्याचा थेंबन् थेंब वाटून झालाय, आणि त्या यादीत माशांचं नाव नाही. ती पुन्हा गेली. पुढच्या वर्षीही गेली. अखेर या वर्षी तीन दिवसांचं पाणी मंजूर झालंय.

तीन दिवसांत नदी नुसती जागी होईल. अंडी घालून होईपर्यंत पाणी ओसरेल, आणि ती उघड्या दगडांवर वाळतील. हे लेकीला माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे.

उन्हाने मला तळापासून तडा गेलाय, आता पाणी धरणं माझ्याच्याने होणार नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला. खुशाल देऊन टाका मला, तक्रार नाही. माझी विनवणी ज्यांच्या हातात त्या दारांची चावी आहे त्यांना आहे. बाबा रोज सकाळी डोहावर जातात आणि ती मादी दिसते का बघतात. काल घरात शिरताना त्यांनी लेकीला सांगितलं, "आहे. अजून भिंतीशीच आहे."

साहेब, अजून पाच दिवस द्या.