घरचं काम

शेखर चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होता. मशीनला हात लावण्याआधी वीज तोडायची, स्विचला आपलं कुलूप घालायचं, चावी खिशात ठेवायची आणि तरीही टेस्टर लावून बघायचं, हे तो अठरा वर्षं नवीन लोकांना शिकवत आला होता.

काळेवाडीच्या भाड्याच्या घरात एका रविवारी पंखा बंद पडला. शेखरने बोर्डावरचं बटण बंद केलं आणि अनवाणीच लोखंडी स्टुलावर चढला.

"मेन बंद करू का?" जयमालाने, त्याच्या बायकोने विचारलं.

"राहू दे. पाच मिनिटांचं काम आहे."

घराचं वायरिंग कुणीतरी उलटं केलं होतं. बटण बंद असूनही पंख्यापर्यंत करंट येत होता. शेखरची बोटं तारेला चिकटली. तोंडातून शब्द फुटेना. जयमाला त्याला ओढायला धावली, हात पुढे केला आणि एकदम मागे घेतला. मग बाहेर जिन्याखाली पळत जाऊन तिने मेन स्विच पाडला. शेखर खाली कोसळला. मनगट मोडलं, जीव वाचला.

दवाखान्यात प्लास्टर चढलं. रिक्षात बसल्यावर जयमाला म्हणाली, "मी तुम्हाला धरलं नाही."

"धरलं असतंस तर दोघंही गेलो असतो."

"ते कळतंय हो. पण पळताना वाटत होतं, तुम्हाला तसंच सोडून चाललेय."

चांगल्या हाताने शेखरने तिचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

आठवड्याने तो कंपनीत गेला. शिफ्टच्या आधी सगळे जमले होते. "काय राव, गाडीवरून पडलास का?" किसनने विचारलं. गाडीवरून पडलो म्हणायचं, असं शेखरने बसमध्येच ठरवलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "घरी मेन चालू ठेवून पंखा उघडला. टेस्टरसुद्धा लावला नाही."

कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. शेखरने सगळं सांगितलं, जयमालाने काय केलं तेही.

चहाच्या वेळी निवृत्तीला आलेले फिटर मारुतराव एका बाजूला जाऊन सुनेला फोन लावत होते.

"मिनल, गिझर उघडून ठेवलाय ना मी? कुणी हात लावू नका त्याला. व्हय, मीबी न्हाई लावत. वायरमनला बोलव."