समासातली उंची

आमच्या कारखान्यातली शिडी कशी, तर एक रंगारी तिच्यावर चढला आणि खाली उतरला तेव्हा त्याची बोटं ओली होती. ढगाला लागली होती. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आणि शंभरदा दादानं मला अडवलं. "शिडी किती मीटरची? टेकवली होती किती अंशात?" दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कारखान्याचा तपासनीस. सगळे त्याला टेप म्हणत. मी तिथंच स्टोअर सांभाळायचो.

शिड्यांचंही आंतरराष्ट्रीय मानक असतं. दोन पायऱ्यांत अंतर किती, वजन किती पेललं पाहिजे, अशी पंच्याऐंशी पानं. ते प्रकाशकाकडून विकत घ्यावं लागतं, आणि आमची प्रत दादाच्या नावावर होती. प्रत्येक पानाच्या तळाशी दादाचं पूर्ण नाव छापलेलं, पुढे 'एकाच व्यक्तीच्या वापरासाठी, नक्कल करण्यास मनाई'. हे दादानं इतकं मनावर घेतलं की मागून खुद्द मालक आले तरी तो पानावर हात ठेवायचा. एकदा त्यानं प्रकाशकाला पत्र घातलं: मजकूर मला पाठ झाला आहे, ही नक्कल धरावी काय? तीन आठवड्यांनी उत्तर आलं: धरू नये, मात्र डोकं दुसऱ्याला वापरायला देऊ नये. आता उत्तराचा शेवट माझा आहे. पत्र खरं.

एका मंगळवारी, अकराच्या चहाला, दादा खुर्चीतच गेला. मला वाटलं, काहीतरी मोजतोय.

पुढचे दिवस मला कानात कापूस घालून ऐकल्यासारखे आठवतात. कामावर जायचो, स्क्रू मोजून द्यायचो. लोक म्हणायचे, "फार वाईट झालं." मी म्हणायचो, "हो ना." रंगाऱ्याची गोष्ट कुणी सांगायला लावली तर सांगायचो, पण मध्येच थांबायचो, कोणी अडवेल म्हणून. कोणी अडवायचं नाही.

पंधरवड्यानं ऑफिसातल्या बाईंनी बोलावलं. "नव्या तपासनिसाच्या नावानं नवी प्रत आलीय. जुनी शुक्रवारपर्यंत नष्ट करायची, तसा दाखला प्रकाशकाला पाठवायचा. स्टोअरकीपर म्हणून सही तुमची."

"करतो," मी म्हणालो.

घरी वहिनीला सांगितलं. ती भांडी विसळत होती. नळ तसाच चालू ठेवून म्हणाली, "एकोणिसावं पान बघितलंत?"

दुसऱ्या दिवशी बघितलं. पायऱ्यांच्या अंतराचा तक्ता, आणि शेजारच्या समासात दादाची पेन्सिल. दर वाढदिवसाला तो मुलीला कारखान्यात आणून चाचणीच्या शिडीला टेकवून उभी करायचा आणि हाताशी असेल त्या कागदावर उंची लिहायचा. हाताशी कायम हेच असायचं. 'तीन वर्षं, ९४. चार, १०१, बूट काढून. सात, ११९, रडत होती. नऊ, १३१, उड्या मारल्या म्हणून दोनदा मोजली.' असं अकरापर्यंत.

"पान फाडून आणतो," मी वहिनीला म्हणालो. "पंच्याऐंशी पानं कापली काय नि चौऱ्याऐंशी कापली काय, कोणाला कळतंय?"

"आणि सही?"

"वहिनी, आजवर मी काय कमी थापा मारल्या?"

"तोंडी मारल्या, भावोजी. लिहून एक नाही. ह्यांच्या पुस्तकावर सुरुवात नका करू."

मग बाईंनी प्रकाशकाला ईमेल केली. गुरुवारी उत्तर आलं: तक्ता आमचा, त्याची नक्कल करता येणार नाही. पेन्सिलीचं आमचं काही नाही. छापील भाग झाकून प्रत काढा.

आम्ही पांढरा कागद मापात कापून तक्त्यावर ठेवला, एक पट्टी तळाच्या छापील ओळीवर ठेवली आणि झेरॉक्स काढली. कोरं पान बाहेर आलं, कडेला नऊ ओळी भिंतीला टेकल्यासारख्या उभ्या.

वहिनीनं ते उलटसुलट पाहिलं. "नाव कुठंय?"

"ते छापील आहे. त्यांचं."

"ह्यांचं नाव त्यांचं?" तिचा आवाज चढला नाही. भाजीवालीला भाव विचारावा तसं विचारलं.

मी पान परत पिशवीत घातलं. शुक्रवारी सकाळी बाईंनी पुन्हा लिहिलं. दुपारी तीनला परवानगी आली: तळची ओळ घ्यावी, खाली 'प्रकाशकाच्या परवानगीने' असं नमूद करावं. साडेतीनला पट्टी काढून नवी प्रत घेतली. चारला पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी पानं कागद कापायच्या यंत्रात घातली. यंत्र दोनदा अडकलं. मी सही केली.

ते पान वहिनीनं दाराशेजारी भिंतीवर लावलं. मधे सगळं पांढरं, कडेला पेन्सिल, तळाशी दादा, आणि दादाच्या खाली प्रकाशकाची परवानगी.

बारावा वाढदिवस आला. पोरगी आपणहून भिंतीला टेकली. "काका, बूट काढलेत."

मी दादाच्या टेपनं मोजलं आणि पेन्सिल घेतली.

"परवानगी काढलीत?" वहिनी मागून म्हणाली. मी वळून पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण हातातलं काम तिनं थांबवलं होतं.

"समास आपला आहे," मी म्हणालो.

टेपवर एकशे सत्तेचाळीस आणि वर थोडं होतं. सवयीनं दीडशे लिहिणार होतो. क्षणभर थांबलो, कोणी अडवेल म्हणून.

'बारा, १४७.४, बूट काढून,' लिहिलं.